होंडा सिटी १.५ : टायमिंग बेल्ट आणि खुणांची पडताळणी

२२ एप्रिल २०२४, सोमवार

आप्पांची होंडा सिटी सकाळी गॅरेजला लागली. २००१ची गाडी, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), डिस्ट्रिब्युटरवालं (प्लगांना स्पार्क वाटून देणारा भाग). आपल्याकडे १९९८पासून जी पहिली सिटी विकली गेली तीच ही पिढी. आप्पांनी ती अमळनेरातच जुनी घेतली. आधीच्या मालकानं ‘बेल्ट नुकताच बदललाय’ असं सांगितलं होतं (बेल्ट म्हणजे टायमिंग बेल्ट, पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात ठेवणारा दातांचा रबरी पट्टा), पण बिल नाही आणि बॉनेटखाली किलोमीटरचं स्टिकरही नाही.

तक्रार अशी की गाडीला खालून ओढ नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जिथे तिसरा गिअर सहज चालायला हवा, तिथे दुसरा टाकावा लागतो. एकदा आरपीएम वर गेले की मात्र गाडी मोकळी पळते. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर सगळं आधीच बदलून झालंय. शिवाय इंजिनाच्या डाव्या बाजूला, खालच्या कव्हरजवळ कूलंटचे वाळलेले ओघळ दिसतात. म्हणजे वॉटर पंप पाझरतोय. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे पंपासाठी उघडायचं तर बेल्टही काढावाच लागणार.

आज उघडलं काहीच नाही, नुसतं पाहिलं. एक गोष्ट खटकली. डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेच्या अगदी टोकाला नेऊन आवळलेला आहे. बोल्ट सरकायला जागाच उरलेली नाही. खाच दिलेली असते ती इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, थोडं मागेपुढे करण्यासाठी. निरोगी इंजिनात बोल्ट साधारण मधल्या भागात कुठेतरी बसतो. तो टोकाला गेला असेल तर कोणीतरी काहीतरी भरून काढत होतं. या गाडीत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाला जोडलेला असतो. कॅम मागे पडला की स्पार्कही मागे पडतो आणि मग डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क तेवढा जागेवर आणता येतो. व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडतात, उशिराच मिटतात.

संशय लिहून ठेवतो : कॅम एक दात मागे, म्हणजे बेल्ट चढवताना एक दात चुकलाय.

आप्पांनी जाताना विचारलं, “आखाजीले पोरी येतीन भाऊ. त्यान्हा आगोदर गाडी व्हई जाई ना?” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, १० मेला आहे. हो म्हणालो.

२५ एप्रिल, गुरुवार

सामान मागवलं. बेल्ट, टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणारी) पुली आणि तिची स्प्रिंग, वॉटर पंप ओ-रिंगसह, पुढचा क्रँक सील, कॅम सील, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, कूलंट. नुसता बेल्ट बदलायचा आणि जुनं बेअरिंग ठेवायचं हे मला पटत नाही. बेल्ट नवा आणि टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तरी परिणाम तोच : बेल्ट तुटतो किंवा दात उडवतो, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. हे त्या जातीचं इंजिन आहे, यात माफी नाही.

किलोमीटर कमी झाले म्हणून बेल्ट चांगला असेल असंही आपल्या भागात धरू नये. रबराचं आयुष्य उष्णता खाते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि बंद बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. वर्षं मोजा, नुसते किलोमीटर नको.

२८ एप्रिल, रविवार

पहाटेच कामाला लागलो, अकरानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. भाचा मदतीला होता. आजचं काम फक्त एवढंच : जुना बेल्ट जागेवर असताना इंजिन खरोखर कुठे उभं आहे ते शोधायचं. सगळ्यात जास्त वेळ यालाच दिला आणि द्यायलाच हवा.

डावं पुढचं चाक काढलं, गाडीखाली घोडी (स्टँड) लावली, चारही प्लग काढले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. व्हॉल्व्ह कव्हर आणि बेल्टचं वरचं कव्हर काढलं. आता एका नजरेत कॅमची पुली दिसते.

फिरवण्याची दिशा आधी. बहुतेक गाड्यांची इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. होंडाचं हे जुनं इंजिन उलटं फिरतं. भाच्याला लक्षात राहावं म्हणून सांगितलं : या गाडीत पुल्या डाव्या बाजूला आहेत, तर डावीकडे उभं राहून बघ, गाडी पुढे जाताना पुढचं चाक ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं क्रँक फिरवायचा. उलट फिरवला तर बेल्टचा ढील चुकीच्या बाजूला जातो आणि दात उडू शकतो. एखादी खूण ओलांडून पुढे गेलो तर मागे घ्यायचं नाही, पुन्हा दोन फेरे पूर्ण करून यायचं.

आता क्रँक पुलीच्या खुणा. पुलीच्या कडेवर एक पांढरी खूण असते आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर तीन खाचांचा गट, त्यातली मधली लाल. पांढरी म्हणजे पहिल्या सिलिंडरचा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर. लाल गट आहे तो इग्निशन टायमिंग तपासण्यासाठी, टायमिंग लाइटनं (स्पार्कसोबत चमकणारा दिवा), इंजिन चालू असताना. बेल्ट बसवताना लाल खुणेचा काहीही संबंध नाही. पण वर्षानुवर्षांच्या तेलामातीत पांढरा रंग उडतो आणि लाल तेवढा चमकत राहतो, आणि घाईत माणूस जी दिसते ती खूण धरतो. या पुलीवरही नेमकं तसंच होतं. रॉकेलच्या फडक्यानं पुसून, नखानं खाच शोधली, मग पांढरी सापडली.

तरीही नुसत्या रंगावर विसंबायचं नव्हतं. रबराच्या थरानं जोडलेल्या पुलीची बाहेरची कडी आतल्या भागावरून सरकू शकते, मग कडेवरची खूण खोटं बोलते. म्हणून पिस्टनलाच विचारलं. पहिल्या सिलिंडरच्या, म्हणजे पुलीकडच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून प्लास्टिकची लांब नळी सोडली. धातूची सळई कधी घालू नये, पिस्टनला ओरखडा पडतो. पिस्टन अगदी वर असताना क्रँक काही अंश फिरला तरी तो हलल्यासारखा वाटतच नाही, त्यामुळे ‘नळी सगळ्यात वर आली’ एवढ्यावरून टीडीसी अचूक कळत नाही. त्यासाठी नळीवर पेननं एक रेघ मारली. पिस्टन वर येताना ती रेघ भोकाच्या काठाशी आली तिथे पुलीवर खडूची खूण केली. त्याच दिशेनं पुढे फिरवत राहिलो. पिस्टन वर जाऊन परत उतरू लागला आणि रेघ पुन्हा काठाशी आली तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये टीडीसी. सुतळीनं पुलीच्या कडेवरचं अंतर मोजून मध्य काढला. पांढरी खाच त्या मध्यावरच होती. म्हणजे पुली खरी.

मग पांढरी खूण कव्हरवरच्या टोकासमोर आणून कॅमकडे बघितलं. कॅमच्या पुलीवर ‘अप’ असं कोरलेलं असतं, ते वर हवं. आणि पुलीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा सिलिंडर हेडच्या वरच्या काठाशी समांतर हव्यात. वरून तिरकं पाहिलं की या खाचा नेहमी जुळल्यासारख्याच दिसतात, डोळा एका बाजूला झुकलेला असतो. स्टीलची सहा इंची पट्टी हेडच्या काठावर आडवी ठेवली आणि मोबाइलचा कॅमेरा बरोबर त्या पातळीवर आणून फोटो काढला. फोटोत पुढची खाच पट्टीच्या वर, मागची पट्टीच्या खाली. ‘अप’ सरळ वर नाही, किंचित मागे, डॅशबोर्डकडे कललेलं. कॅम फिरतो तो वरून पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे. म्हणजे त्याला अजून पोहोचायचं आहे. मागे पडलाय.

किती मागे? बेल्ट ताणला गेला तर खाच थोडी हलते, पण दाताएवढी नाही. इथे फरक जवळजवळ पूर्ण एका दाताचा. क्रँकच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे दातेरी चाकाचे, दात मोजायचे आणि ३६०ला त्यानं भागायचं : वीस दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. व्हॉल्व्ह एवढ्या उशिरा मिटले तर कमी आरपीएमला आत आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. खालून ओढ नाही आणि वर मोकळी पळते, हे कोडं इथेच सुटलं. डिस्ट्रिब्युटर टोकाला का नेला होता तेही कळलं.

भाच्यानं तोवर व्हाइटनरची बाटली आणून ठेवली होती. जुन्या बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर ठिपके द्यायचे, दात मोजून ते नव्या बेल्टवर उतरवायचे आणि तसाच चढवायचा, ही पद्धत सगळीकडे चालते आणि वेळ वाचतो हे खरं. पण तिच्यात एक गृहीत धरलेलं असतं : जुना बेल्ट बरोबर होता. आज ठिपके दिले असते तर आधीच्या माणसाची चूक नव्या बेल्टवर जशीच्या तशी उतरली असती, आणि तीही नव्या सामानाच्या भरवशावर आणखी काही वर्षं चालली असती. मी भाच्याला व्हाइटनर वापरू नको असं म्हणत नाही. आधी कारखान्याच्या खुणा जुळतात का बघ, जुळल्या तर मग ठिपके दे.

२९ एप्रिल, सोमवार

क्रँक पुलीचा बोल्ट. होंडाचं काम केलेल्या कोणालाही विचारा.

काही जण लांब पाना चेसिसला टेकवून स्टार्टरचा एक झटका देतात आणि बोल्ट सुटतो. ती युक्ती घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या इंजिनासाठी आहे. हे इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे बोल्ट धरून स्टार्टर मारला तर तो आणखी आवळला जातो. इथे पुली धरूनच ठेवावी लागते. पुलीच्या मधोमध षटकोनी खोबण असते, तिच्यात बसेल असा धारक लेथवाल्याकडून करून घेतला : जाड पाइपचा तुकडा, एका टोकाला षटकोन, बाजूला लांब पट्टी वेल्ड केलेली. पट्टी जमिनीला टेकवली, मधून एक्सटेन्शन घातलं, पान्याला लांब पाइप लावला आणि दोघांनी जोर लावला. बंदुकीसारखा आवाज होऊन सुटला. गिअर टाकून, कोणाला ब्रेकवर बसवून करतात तसं इथे केलं नाही, जोर सगळा गिअरबॉक्सवर जातो.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिन. दुकान बंद ठेवून आतल्या आत काम केलं, कोणी मध्ये बोलायला आलं नाही.

ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकवर इंजिन उचलून धरलं, डाव्या बाजूचं माउंट सोडवलं, खालचं कव्हर काढलं. पुली निघाली की कडेवरची पांढरी खूणही गेली. इथून पुढे क्रँकची खूण म्हणजे दातांच्या स्प्रॉकेटवरची खूण आणि ऑइल पंपाच्या अंगावरचा बाण. या दोन्ही अंधाऱ्या कोपऱ्यात, तेलाने माखलेल्या. ब्रशनं घासून, टॉर्च लावून दोन्ही स्पष्ट दिसेपर्यंत पुढचं पाऊल टाकलं नाही.

टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करून पुली मागे ढकलली, परत आवळली आणि बेल्ट काढला. बेल्ट निघाल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या जोरानं कॅम थोडा हलू शकतो, तो घाबरायचा विषय नाही. पण बेल्ट नसताना क्रँक किंवा कॅम मुक्तपणे फिरवून बघण्याचा मोह टाळायचा. व्हॉल्व्ह तिथेच वाकतात.

वॉटर पंप काढला. बेअरिंगला खडखड होती आणि पाझरायच्या भोकाखाली तांबूस गाळ जमला होता. कूलंटऐवजी कोणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं होतं, आतली पाती क्षारांनी पांढरी. ब्लॉकवरची बैठक शेवटच्या कणापर्यंत साफ केली, नवा पंप ओ-रिंगसह बसवला. क्रँक आणि कॅमचे सील बदलले. तेलात भिजलेला बेल्ट लवकर फुगतो, म्हणून सील याच वेळी.

आता खुणा. स्प्रॉकेटची खूण बाणासमोर. कॅम एक दात पुढे घेतला, ‘अप’ सरळ वर, दोन्ही खाचा पट्टीला चिकटून. इथे भाच्यानं चांगला प्रश्न विचारला : “मामा, ‘अप’ खाली असतं आणि खाचा जुळल्या असत्या तर?” क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो. ‘अप’ खाली आणि क्रँक टीडीसीला, ही सुद्धा त्याच चक्रातली एक जागा आहे, फक्त पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला नसून एक्झॉस्टच्या शेवटाला असतो. बेल्ट तिथे बसवला तरी वेळ चुकत नाही, आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरच असल्यानं तोही सोबत येतो. तरी मी ‘अप’ वरच ठेवून बसवतो. पुढचा माणूस उघडेल तेव्हा त्यानं एकाच नजरेत समजून घ्यावं.

बेल्ट चढवताना आधी क्रँकवर, मग टेन्शनर नसलेली बाजू ताठ धरून वर. सगळा ढील टेन्शनरच्या बाजूला गेला पाहिजे. ताठ बाजूला थोडाही ढील राहिला तर खुणा आता जुळलेल्या दिसतात आणि पहिल्या फेऱ्यात तो ढील निघाला की कॅम मागे राहतो. एक दात चुकतो तो बहुतेक वेळा असाच चुकतो. आधीच्या माणसाचंही हेच झालं असावं. बेल्ट स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून चढवला नाही, पिळला नाही, फक्त बोटांनी. क्रँकच्या पुढची गाइड प्लेट वळलेली कड बाहेर ठेवून घातली. खालचं कव्हर आणि पुली लावून बोल्ट टॉर्क पान्यानं आवळला.

३ मे, शुक्रवार

खरी परीक्षा हातानं फिरवण्यात आहे. टेन्शनर सैल करून परत आवळला, म्हणजे स्प्रिंगनं पुली जागेवर ढकलली. मग क्रँक पाच-सहा फेरे, चाकाच्या दिशेनं, सावकाश. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. कुठेच अडलं नाही. पुन्हा पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीला आलो.

ताण कसा द्यायचा ते या इंजिनाचं खास आहे. टेन्शनरचा बोल्ट सैल करायचा, क्रँक त्याच दिशेनं एवढा फिरवायचा की कॅमची पुली तीन दात पुढे जाईल, आणि त्याच जागी बोल्ट आवळायचा, ४५ न्यूटन मीटर. क्रँक ओढत असताना ताठ बाजू पूर्ण ताठ होते आणि टेन्शनर फक्त ढील उचलतो. टीडीसीवर उभं ठेवून नुसता अंदाजानं ताण दिला तर बेल्ट जास्त घट्ट होऊ शकतो, मग पंपाच्या बेअरिंगवर भार येतो आणि चालू झाल्यावर शिट्टीसारखा सूर लागतो.

परत दोन पूर्ण फेरे, परत टीडीसी, परत पट्टी आणि फोटो. २८ तारखेचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून बघितले. पट्टी दोन्ही खाचांतून सरळ जाते.

व्हॉल्व्ह कव्हर उघडंच होतं, म्हणून व्हॉल्व्हचा क्लिअरन्सही (बारीक फट) तपासून घेतला. ही कॅमची पुली त्या कामालाही उपयोगी पडते. ‘अप’ वर, तेव्हा पहिला सिलिंडर. क्रँक अर्धा फेरा, ‘अप’ रेडिएटरकडे, तेव्हा तिसरा. खाली, तेव्हा चौथा. डॅशबोर्डकडे, तेव्हा दुसरा. एक-तीन-चार-दोन. एक्झॉस्टचे दोन घट्ट निघाले, फिलर गेजनं नीट केले.

डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्यावर आणून गाडी सुरू केली. पहिल्याच किल्लीला. फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत तापू दिली, सर्व्हिस कनेक्टर जोडला आणि टायमिंग लाइट धरला. हा कनेक्टर जोडल्याशिवाय कॉम्प्युटर स्वतः स्पार्क मागेपुढे करत राहतो आणि बघितलेलं व्यर्थ जातं. आता लाल खुणेचं काम. मधली लाल रेघ टोकासमोर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला. बोल्ट खाचेच्या मध्याजवळच राहिला. कॅम जागेवर आहे याचा माझ्या लेखी हा पट्टीइतकाच पक्का पुरावा.

७ मे, मंगळवार

आप्पांना सोबत घेऊन चाळीसगावमार्गे कन्नड घाट. उन्हात, एसी चालू ठेवून, मुद्दाम. जिथे दुसरा टाकावा लागत होता त्या वळणानंतर तिसऱ्यावर ओढली. आप्पा काही बोलले नाहीत, पुढच्या वळणाला नुसते माझ्याकडे बघून हसले. वर थांबून बॉनेट उघडलं : पंपाजवळ कोरडं, कव्हरच्या गॅस्केटला तेलाचा मागमूस नाही, बेल्टचा सूर नाही.

परत आल्यावर रेडिएटर गार होऊ दिला आणि कूलंटची पातळी बघितली. हवा निघाल्यामुळे थोडी उतरली होती, भरली. एसी आणि पॉवर स्टिअरिंगचे बाहेरचे पट्टे नवे असल्यानं थोडे सैल झाले होते, तेही आवळले. हे दोन्ही पुन्हा हजार किलोमीटरला बघायचे.

बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर लावलं : तारीख, किलोमीटर, बेल्ट, टेन्शनर, पंप, सील. खाली पक्क्या मार्करनं एक ओळ जास्तीची लिहिली : ‘पांढरी खूण पिस्टनवरून तपासलेली आहे, बरोबर आहे.’ दोन्ही फोटो आप्पांच्या मोबाइलवर पाठवले. जुना बेल्ट पिशवीत घालून त्यांच्याकडेच दिला. गाडी संध्याकाळी घरी गेली.